शनिवारची मीटिंग

खोटं बोलायचं तर बोलावं, त्याला शालूबाईची हरकत नव्हती. पण निदान ढंगानं बोलावं. शनिवार उजाडला की सूनबाई डबा भरता भरता म्हणणार, "आत्या, आज मीटिंग आहे, यायला उशीर होईल." आणि दिवेलागणीला घरात पाऊल ठेवणार तेव्हा तोंडावर मीटिंगचा मागमूस नाही. मीटिंगहून आलेलं माणूस कसं दिसतं ते शालूबाईला चांगलं ठाऊक होतं. आठवडाभर तेच तर बघायची. कपाळाला आठ्या, खांद्याला जड पिशवी, चप्पल काढायच्या आधी फोन कानाला. शनिवारी मात्र बाई गप. स्वतःच चहा करून घेणार आणि कपाकडं बघत बसणार. वर पदराला वास स्पिरिटचा.

"मीटिंगात काय इंजेक्शनं देत्यात व्हय गं?" शालूबाईनं एकदा विचारलंच.

"लॅबमधला वास असेल, आत्या."

"तू फिजिक्सची. स्पिरिट त्या केमिस्ट्रीवालीच्या लॅबात असतंय. तुझ्या लॅबचा वास जळक्या वायरीचा, त्यो माझ्या नाकाला पाठ हाय."

पूजा कप विसळायला उठली. तो आधीच विसळलेला होता.

शालूबाईनं शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. सही येत होती, एसटीची पाटी वाचता येत होती, आणि माणूस तर बिनचष्म्याचं वाचता येत होतं. नवरा हंबीरराव, पलटणीतले सुभेदार, गेल्यावर कोरेगावकडचं घर जावेच्या ताब्यात देऊन ती सांगलीला लेकाकडं आली. माधवनगरात फ्लॅट. लेक जयराज आटपाडीला बँकेत मॅनेजर. रविवारी सकाळी यायचा, पेपर तोंडावर घेऊन झोपायचा, सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे घर म्हणायचं तर सासू आणि सून. नात शिकायला पुण्यात.

सून प्राध्यापक आहे हे शालूबाई गावाकडच्या लग्नकार्यात कुणी विचारायच्या आधीच सांगायची. पण इथं राहायला आल्यावर तिला कळलं, की कॉलेजात शिकवणं हे मधल्या वेळात उरकून घ्यायचं काम आहे. खरं काम पुरावे गोळा करायचं. वरची कमिटी येणार होती कॉलेज तपासायला. कमिटी म्हणे काही बघत नाही, फोटो बघते. झालेल्या कार्यक्रमाचा फोटो पाहिजे, आणि फोटोवर ठिकाण आणि तारीख उमटलेली पाहिजे. न उमटलेला कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. एकदा झाडं लावून झाली, सगळे हात धुवून चहाला गेले, तेव्हा ध्यानात आलं की फोटोवर तारीखच उठली नाही. मग रोपं उपटली आणि परत लावली. पूजा हे सांगत होती तेव्हा तव्यावर भाकरी करपली, पण दोघींनाही हसू आलं नाही.

शालूबाई स्वतःसुद्धा एका पुराव्यात होती. ज्येष्ठांना मोबाईल शिकवण्याचा उपक्रम होता आणि ज्येष्ठ कमी पडले. शालूबाई तर रोज जावेशी व्हिडिओवर भांडायची. पण पूजा म्हणाली, "आत्या, फोटोपुरतं जरा न येणाऱ्यासारखं बसा." बसली. फोटो चांगला आला. न येणाऱ्यासारखं बसणं तिला बरं जमलं, असं सगळ्या मॅडम म्हणाल्या.

तर असं हे चालू असताना एका दुपारी बाळासो आले.

बाळासो म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सचिव. कोरेगावकडचेच, लांबच्या नात्यानं शालूबाईचे पुतणे लागत. हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स. पूजा कॉलेजात असणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते आले होते सासूकडंच. या भागातली ही रीतच आहे. बाईकडनं काही काढायचं असलं, मग ती कितीही शिकलेली असो, की तिच्या घरातल्या मोठ्या माणसापुढं पेढे ठेवायचे.

"काकी," ते पाया पडून सोफ्यावर टेकले, "प्राचार्यांची जागा मोकळी हाय. पूजाताईंना प्रभारी प्राचार्य करायचं आमच्या मनात हाय. पण त्या काय म्हणत्यात, आत्यांना इचारा. मी म्हटलं, बघा, ह्याला म्हणत्यात संस्कार! आजकालच्या सुना सासूला पाणी इचारत न्हाईत."

शालूबाईनं पदर सावरला. "प्रभारी म्हंजे खरं का लुटपुटीचं?"

"खुर्ची तीच, काकी. पाटी तीच."

"आन् काम?"

"काम काय, सगळं कॉलेजच करतंय. ह्यांनी फकस्त बघायचं."

पूजाच्या आधी तिघांनी ती खुर्ची नाकारली होती, हे बाळासोंनी काही सांगितलं नाही. शालूबाईच्या डोळ्यांपुढं मात्र जाऊबाईचं तोंड आलं. जावेची सून तलाठी. त्या तलाठीपणाचं कौतुक शालूबाईनं किती पंगतींत ऐकून घेतलं होतं!

"मग माझा शबूद घे," ती म्हणाली. "माझी सून न्हाई म्हणायची न्हाई."

"मग रविवारी हार घिऊनच येतो."

त्यांची गाडी वळायच्या आत गावाकडं फोन गेला होता. पेढे चारी मजल्यांवर वाटले गेले. खालच्या राहीबाईला दोन जास्त, कारण ती बोलते जास्त.

संध्याकाळी पूजा आली. शालूबाईनं बॉक्स पुढं केला आणि सगळं सांगितलं. पूजानं बॉक्स हातात घेतला, पेढा घेतला नाही.

"आत्या, तुम्ही हो म्हणालात?"

"मग? न्हाई म्हणू?"

पूजा बराच वेळ त्या बॉक्सवरची अक्षरं वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं."

ते 'बरं' शालूबाईला खटकलं. वैरणीचा भारा डोक्यावर चढवताना बाई जसं म्हणते तसलं ते 'बरं' होतं. आनंद नाही, राग नाही. मान तेवढी ताठ करून घ्यायची.

दोन दिवसांनी राहीबाई काळा चष्मा लावून वर आली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं. पेढ्यांबद्दल बोलून झालं, आणि ती म्हणाली, "शालूताई, इचारू का? तुमच्या मॅडम शनवारी मिरजंला कशाला येत्यात?"

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय. आदल्या शनवारी बी, ह्या शनवारी बी. मार्केटजवळ उतरल्या, गल्लीत शिरल्या. मी हाका मारल्या, पर त्यांचं ध्यानच न्हवतं."

"तुझ्या डोळ्याचं आपरेशन झालंय. तुला कोण बी दिसंल."

"आपरेशन झालंय म्हणूनच दिसाय लागलंय की."

राहीबाई गेली, आणि शालूबाई हिशेब करायला बसली. मिरजेला माणूस दोनच कामांना जातं. रेल्वे पकडायला, नाहीतर दवाखान्यात. रेल्वे पकडणारं माणूस संध्याकाळी घरी येत नाही. आणि पदराला स्पिरिटचा वास. आल्यावर ते गप्प बसणं. कपाकडं बघणं. सगळं एका दोऱ्यात ओवल्यासारखं जुळलं, आणि शालूबाईला एकदम दिसलं की सुनेचं मनगट किती बारीक झालंय. असल्या बाईच्या डोक्यावर आपण प्राचार्यपद ठेवलं. वर गावभर दवंडी पिटली.

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर 'मीटिंग' हेच उत्तर मिळालं असतं. जयराजला फोन केला तर तो म्हणाला, "आई, क्लोजिंग चालू आहे, रविवारी बोलू."

शनिवारी राहीबाईला डोळा दाखवायला जायचं होतं. शालूबाई म्हणाली, "मी येते संगट." सिटी बसमध्ये राहीबाई बोलत होती आणि शालूबाई खिडकीतनं दवाखान्यांच्या पाट्या वाचत होती. हाडांचा, हृदयाचा, किडनीचा. कॅन्सरची पाटी आली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

राहीबाईला तिच्या डॉक्टरांकडं सोडून ती मार्केटजवळच्या त्या गल्लीत आली. गल्लीत दवाखाना नव्हता. दुकानं होती सतारवाल्यांची. दारादारांत वाळके भोपळे टांगलेले, भिंतींना तंबोरे टेकून उभे. एवढे भोपळे, आणि भाजीला एक नाही, असं एरवी ती मोठ्यानं म्हणाली असती. आज ती दारं बघत चालली होती. चौथ्या-पाचव्या दुकानाबाहेर ओळखीची चप्पल दिसली.

आत पूजा जमिनीवर पोत्यावर बसली होती. पदर खोचलेला, मांडीवर आडवा तंबोरा, हातात कानस. ती तारेखालची छोटी पट्टी दोनदा घासायची, तार छेडायची, लाकडाला कान लावायची, डोळे मिटायची. मग परत घासायची. पांढरी भुकटी साडीभर. समोर पिकल्या दाढीचे चाचा भोपळ्याला पॉलिश चोळत होते. ते तिच्याकडं बघत नव्हते. तिला कुणी काही विचारत नव्हतं, मागत नव्हतं. फोन कोपऱ्यात पालथा पडला होता.

शालूबाई दारात किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिचा तिलाच राग आला.

"मीटिंग सुटली का न्हाई अजून?"

पूजाच्या हातातली कानस खाली पडली. "आत्या!"

"तुला काय झालंय ते आधी सांग. कसला आजार हाय?"

"आजार? मला?"

"मग ह्यो स्पिरिटचा वास कशाचा?"

चाचांनी हातातला बोळा वर धरला. "ह्याचा, आईसाहेब. स्पिरिटात लाख भिजवतो, त्याचं पॉलिश. बसा, बसा. चहा सांगतो."

शालूबाई स्टुलावर बसली. पदरानं तोंड पुसलं, दोनदा पुसलं.

"म्हंजे ठणठणीत हाईस."

"हो, आत्या."

"मग लाज न्हाई वाटत? हितं माझा जीव टांगणीला, आन् तू भोपळे कुरवाळत बसलीयास!"

चाचा चहा सांगायला म्हणून उठून बाहेर गेले. गडी शहाणा होता.

"हे काय करतीयास?" शालूबाईनं जरा वेळानं विचारलं.

"जवारी काढायला शिकतेय. ही पट्टी आहे ना, हिला घोडी म्हणतात. बेतानं घासली की तार नुसती टण्ण वाजत नाही, गुंजत राहते. जास्त घासली की गेली."

"आन् गुंजून काय हुतंय?"

पूजानं थोडा विचार केला. "काही नाही. गुंजते."

"तुला गायला येतंय?"

"नाही."

"मग सरळ सांगून का येत न्हाईस? मी काय तुला भोपळा करू नको म्हणणार हुते?"

पूजानं कानस उचलून पुसली. "आमचे भूगोलाचे विश्वजीत सर आहेत. कृष्णेकाठी पहाटे पक्षी बघायला जायचे, एकटे. बाळासोंना कळलं. लगेच पक्षी मंडळ काढलं, सरांना प्रमुख केलं. मग दर महिन्याला अहवाल, पोरांच्या सह्या, तारखेचे फोटो. सर आता पहाटे झोपून राहतात. हे कळलं असतं तर सोमवारी 'तंबोरा निर्मिती कौशल्य अभ्यासक्रम' सुरू झाला असता. आणि चाचांना न येणाऱ्यासारखं बसायला लावलं असतं."

"कळलं असतं कुणाकडनं? घरात सांगायला काय झालं हुतं?"

"तुम्ही राहीबाईंना सांगितलं असतं, आत्या."

शालूबाईनं चहाची वाट बघितल्यासारखं दाराकडं बघितलं.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. तुला ती खुर्ची नको हुती, तर तोंडानं न्हाई म्हणायचं. त्या बाळासोला माझ्याकडं कशाला धाडलंस?"

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. रोज म्हणता ना, ही बाई घरात टिकत नाही. म्हटलं, आत्या त्यांना दारातनंच परत लावतील."

"म्हंजे वाईटपणा मी घ्यायचा."

"हो," पूजा म्हणाली. तिनं सारवासारव केली नाही. "ती खुर्ची घेतली तर शनिवार जाईल. शिकवायचं थोडं उरलंय तेही जाईल. मला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता, आत्या. नाही म्हटलं की का म्हणून सांगावं लागतं. मग ते समजावतात. मग त्याचीही एक मीटिंग होते."

चहा आला. मागोमाग आलेल्या चाचांनी तंबोरा उभा करून तार छेडली आणि मान हलवली, अजून नाही.

राहीबाईला दवाखान्यातनं घेऊन तिघी एकाच बसनं परतल्या. राहीबाईला शालूबाईनं सांगितलं, "कॉलेजचं काम हुतं हिचं हितं." राहीबाईनं काळ्या चष्म्याआडून बघितलं, पण तिला पुढं विचारायची सोय ठेवली नव्हती. पूजा खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं, हातात पिशवीचा बंद गच्च. झोपेतसुद्धा पिशवी सोडली नव्हती बाईनं.

शालूबाईला कालवा आठवला. गावात दारात नळ आला तरी ती किती वर्षं धुणं घेऊन कालव्यावर जायची. सासू विचारायची, नळाला काय पाणी येत नाही? शालूबाई सांगायची, नळाच्या पाण्यानं सुभेदारांच्या कपड्यांचे डाग हटत नाहीत, पलटणीतले डाग हायती. डाग हटत होते. पण कालव्यावर दगडाशी बसलं की कुणी हाक मारत नव्हतं. तिथं ती धुतलेलं लुगडंही परत धुवायची. सासूला कधी कळलं नाही, कारण शालूबाई येताना तोंड वाकडं करून, कंबर धरून यायची. कुणाला वाटावं, बाई मरून आली कामानं.

रविवारी बाळासो आले, पिशवीत हार घेऊन. जयराज पेपर घेऊन सोफ्यावर. पूजा स्वयंपाकघराच्या दारात. शालूबाईनं पुतण्याला पाणी दिलं, चहा मात्र मांडला नाही.

"बाळासो, हार पिशवीतच असू दे," ती म्हणाली. "मी तुला शबूद दिला, पर त्यो माझा न्हवता. दुसऱ्याच्या रानातला ऊस मी तोडून दिला तुला. आता रानाची मालकीण उभी हाय हितं. काय इचारायचं ते तिला इचार."

"काकी, असं काय करताय! मी समद्यांना सांगून बसलोय."

"मी तुझ्या आधी सांगितलंय. तुझ्यापरीस माझं तोंड जास्त काळं व्हणार हाय. इचार तिला."

जयराजनं पेपर खाली घेतला. बाळासो पूजाकडं वळले. शालूबाईनं ओठ गच्च मिटले. आता ही पुन्हा आपल्यावर ढकलून 'आत्यांची इच्छा नाही' म्हणाली, तर आपण उठून आत जायचं आणि आयुष्यात हिच्याशी बोलायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. पूजानंही आधी सासूकडंच बघितलं. शालूबाईनं नजर दिली नाही. पंख्याकडं बघत राहिली.

"मला खुर्ची नको, बाळासो," पूजा म्हणाली.

"का पण ताई? अडचण काय?"

"अडचण काही नाही. कमिटीचं माझ्या वाट्याचं काम मी पुरं करून देईन. खुर्ची नको."

"आवं, पण कारण तरी?"

"मी दमलेय."

बाळासो हसले. "दमायला काय, आमी बी दमतोय की! एक सुट्टी घ्या, आराम करा, आन् मग..."

"नाही," पूजा म्हणाली. आवाज चढवला नाही. बाळासो आणखी थोडं बोलले, संस्थेचं, विश्वासाचं, संधीचं. दर वेळी ती थांबून ऐकायची आणि तेवढंच परत म्हणायची. शालूबाईच्या जिभेवर चार वाक्यं आली होती. तिनं चारही गिळली, आणि त्यातलं एक फार चांगलं होतं. शेवटी बाळासो उठले. पिशवीतल्या हाराचं एक फूल दारात गळून पडलं.

"आई, पण तूच हो म्हणाली होतीस ना?" जयराज म्हणाला.

"तू पेपर वाच."

गावाकडनं फोन वाजायला लागला. स्क्रीनवर जाऊबाई. बातमीला पाय असतात, त्यातनं बाळासोच्या गाडीला चार चाकं. शालूबाईनं तो वाजू दिला. मग दारातलं फूल उचलून ती स्वयंपाकघरात गेली. पूजा ओट्याला टेकून उभी होती, दिवसभर उभी असल्यासारखी.

"आत्या, रागावलात?"

"रागावलेय तर! त्या भवानीचा फोन वाजाय लागलाय, तिच्यापुढं मला आता दात काढाय लागणार. पर माझं म्हणणं इचारशील तर आईक. तू खोटी न्हाईस, पूजा. तू दमलीयास. दमलेल्या माणसानं खोटं बोलू नये, त्येला ते झेपत न्हाई. शनवारी मिरजंला जायचं तर 'मिरजंला चाललेय' म्हणून जायचं. आन् कुणी इचारलं, तर काय सांगायचं ते माझ्याकडं सोड. मला जमतंय."